आजोबांच्या ट्रंकेतली बेनाम गोळी

जुन्या घराची आवराआवर करताना एखाद्या डब्यात शिशाची किंवा तांब्याची जुनी गोळी हाती लागते. तिच्यावर नाव नाही, साल नाही, कारखान्याचा शिक्का नाही. ती कुठल्या बंदुकीची? कुठल्या काळातली? आणि मुळात ती घरात ठेवावी का?

काशीच्या मणिकर्णिका घाटावर चिता अहोरात्र जळत असतात. चिता शांत झाली, की तिची राख गंगेच्या काठाशी लोटली जाते आणि पाण्यात उभी राहिलेली काही माणसे ती राख टोपल्यांतून धुऊ लागतात. एखादी अंगठी, नथीचा तुकडा, सोन्याचा दात असे काही हाती लागते का, याचा तो शोध असतो. खुद्द मणिकर्णिका हे नावच हरवलेल्या कर्णभूषणावरून पडले, अशी पुराणकथा आहे. आगीतून निघालेल्या काळ्या तुकड्यावर कुठल्या सराफाचा शिक्का शोधणार? तो तळहातावर घ्यायचा, वजनाचा अंदाज करायचा, घासून रंग पाहायचा आणि सोने की पितळ ते ठरवायचे.

शिक्का नसलेल्या धातूची ओळख पटवण्याची हीच रीत आणखी एका छंदात वापरावी लागते. तो छंद म्हणजे जुन्या काडतुसांचा आणि शिकारी गोळ्यांचा संग्रह. याच घाटावरून नावेने प्रवाहाच्या उलट दिशेने गेले, की पैलतीरावर काशीनरेशांचा रामनगरचा किल्ला लागतो. तिथल्या संग्रहालयात पालख्या आणि हस्तिदंती वस्तूंबरोबर तलवारी आणि जुन्या बंदुकाही मांडलेल्या आहेत. आपल्याकडे कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधील संग्रहालयात शस्त्रे आणि पेंढा भरलेली जनावरे पाहायला मिळतात. बंदुकीवर सहसा कारागिराचे नाव कोरलेले असते. तिच्यातून सुटणारी गोळी मात्र बेनाम असते.

अशा गोळ्या केवळ राजवाड्यांतच होत्या असे नाही. इनामदार, जमीनदार, जंगल खात्यातले अधिकारी, रानाकाठचे शेतकरी अशा अनेकांकडे परवान्याच्या बंदुका असत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचे दिवस संपले. बंदुका विकल्या गेल्या, कुणी पोलिसांत जमा केल्या. पण ट्रंकेच्या तळाशी, देवघरामागच्या फडताळात, बिस्किटांच्या जुन्या डब्यात चार-दोन गोळ्या राहून गेल्या. त्यांच्याबरोबर राहिल्या आख्यायिका. ‘ही आजोबांनी नरभक्षक वाघाला मारलेली गोळी’, ‘ही सत्तावनच्या बंडातली गोळी’ अशा. या आख्यायिका खऱ्या की खोट्या, हे सांगणारा एकच साक्षीदार उरलेला असतो, आणि तो म्हणजे ती गोळी.

गोळी वेगळी, काडतूस वेगळे

बोलताना आपण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो. पण काडतूस म्हणजे चार वस्तूंचा जोड. बाहेरची पितळी पुंगळी, तिच्यातली दारू, बुडाशी बसवलेली टोपी आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की टोपीवर ठोका बसतो, ठिणगी दारूला लागते आणि वायूच्या दाबाने गोळी नळीतून सुटते. पुंगळी मागे राहते.

ओळखीचा शिक्का असतो तो पुंगळीच्या बुडावर. पुण्याजवळच्या खडकीला १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. तिथल्या पुंगळ्यांवर इंग्रजी ‘के एफ’ ही अक्षरे असतात. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या, इंग्लंडच्या कायनॉक कंपनीच्या खुणा वेगळ्या. पुंगळी हातात असेल, तर अर्धे काम तिथेच होते.

नुसत्या गोळीवर असे काहीच नसते. तिच्या अंगावर अक्षरे कोरायला सपाट जागा नाही, आणि कारखान्याला त्याची गरजही वाटत नव्हती, कारण नाव खोक्यावर छापलेले असे. खोके फाटून गेले, की गोळी अनाथ झाली. मग तिचे कूळ शोधायचे कसे?

चार साक्षीदार

पहिला साक्षीदार म्हणजे माप. शाळेच्या प्रयोगशाळेतला व्हर्निअर कॅलिपर इथे उपयोगी पडतो. साधी पट्टी चालत नाही, कारण फरक केसाएवढा असतो. प्रसिद्ध थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या गोळीचा व्यास सुमारे ७.९ मिलिमीटर, तर अमेरिकन थर्टी-नॉट-सिक्सच्या गोळीचा ७.८२ मिलिमीटर. आपल्याकडच्या .३१५ शिकारी रायफलीची गोळी याहून किंचित जाड, सव्वाआठ मिलिमीटरच्या आसपास.

इथे एक गंमत लक्षात ठेवावी. नावातले आकडे फसवे असतात. .३०३ असे नाव असले, तरी गोळी प्रत्यक्षात .३११ इंच जाड असते. .४०४ जेफ्री या दणकट रायफलीची गोळी .४२३ इंच भरते. म्हणून नावावरून माप ठरवायचे नाही. आधी माप घ्यायचे, मग नाव शोधायचे.

दुसरा साक्षीदार वजन. बंदुकीच्या जगात वजन ‘ग्रेन’ या मापात सांगतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. आपल्या आजीबाईंना ओळखीचा तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता. थर्टी-नॉट-सिक्सची अत्यंत लोकप्रिय शिकारी गोळीही १८० ग्रेनची, म्हणजे नेमकी एक तोळ्याची! .३७५ मॅग्नम रायफलीची भारी गोळी ३०० ग्रेनची, १९.४ ग्रॅम. .४७० रायफलीची ५०० ग्रेनची, सव्वाबत्तीस ग्रॅमहून थोडी जास्त. माप आणि वजन जुळले, की यादीतली बहुतेक नावे गळून पडतात. सराफाचा काटा किंवा चांगला डिजिटल काटा या कामाला पुरतो.

गोल, वाटाण्यासारखी शिशाची गोळी असेल तर हिशेब आणखी सोपा. बारा बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअरची नळी. म्हणजे अशा गोळीचे वजन ३७.८ ग्रॅम आणि व्यास साडेअठरा मिलिमीटरच्या घरात. गोळी जेवढी लहान, तेवढा बोअरचा आकडा मोठा.

तिसरा साक्षीदार धातू. संपूर्ण शिशाची गोळी बोटांना मऊ, मेणचट लागते आणि कागदावर ओढली तर करडी रेघ उमटवते. पण १८८० च्या दशकात धूर न करणारी नवी दारू आली आणि तिच्या वेगापुढे नुसते शिसे नळीतच खरवडले जाऊ लागले. तेव्हा स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिन यांनी शिशाला तांब्याचे कवच चढवण्याची युक्ती काढली. म्हणून कवच असलेली गोळी दिसली, की ती त्या दशकाच्या आधीची नव्हे, एवढे छातीठोक सांगता येते.

कवचाच्या रंगावरूनही काळ कळतो. पांढुरके, १९९० पूर्वीच्या मोठ्या एक रुपयाच्या नाण्यासारखे कवच असेल, तर ते तांबे-निकेलच्या मिश्रणाचे. ही पद्धत जुनी. लालसर पिवळे कवच साधारणपणे नंतरचे. लोहचुंबक लावून पाहावा. गोळी चिकटली तर कवच पोलादी आहे, आणि मग युरोप खंडातल्या कारखान्यांकडे संशयाची सुई वळते.

मणिकर्णिकेच्या राखेचे उदाहरण इथे पुन्हा कामाला येते. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, तांबे १०८५ अंशांना. लाकडाच्या मोठ्या आगीत सापडलेल्या गोळीतले शिसे ओघळून जाते आणि वरचे कवच रिकाम्या टोपणासारखे मागे राहते. जळालेल्या वाड्याच्या मातीत असे पोकळ टोपण सापडले, तर ती शोभेची वस्तू नसून गोळीचे उरलेले अंग असू शकते. अशा वेळी वजन खोटी साक्ष देते आणि मापावर भिस्त ठेवावी लागते.

चौथा साक्षीदार म्हणजे आकार आणि घडण. गोळीचे टोक उघड्या शिशाचे आहे का? मग ती मऊ टोकाची गोळी. लागताच फुलून रुंद होणारी, वाघ-हरणांसाठी वापरली जाणारी. टोकापर्यंत कवच असेल आणि टोक बोथट गोल असेल, तर ती हत्ती-गव्यासारख्या जाड कातडीच्या जनावरांसाठीची असण्याचा संभव मोठा. टोकाला खोल भोक आणि त्यात तांब्याची नळी असेल, तर ती काळ्या दारूच्या ‘एक्सप्रेस’ रायफलीची, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. कवचाला उभ्या चिरा असतील, तर ती लंडनच्या जेफ्री कंपनीच्या धर्तीची. गोल गोळीभोवती कमरपट्ट्यासारखी उंचावलेली पट्टी असेल, तर ती दोन खोबणींच्या जुन्या ब्रन्सविक रायफलीची. आणि गोळीच्या अंगावर जोडाची बारीक शिवण, एका टोकाला कापल्याची खूण दिसली, तर ती घरगुती साच्यात ओतलेली. ठासणीच्या बंदुकांच्या काळात शिकारी मंडळी रात्री चुलीवर शिसे वितळवून अशा गोळ्या स्वतःच पाडत असत.

मऊ टोकाच्या गोळीचा संबंध आपल्या देशाशी फार जवळचा. १८९० च्या दशकात डमडमच्या कारखान्यात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी सैन्यासाठी अशी गोळी तयार केली. तिने होणाऱ्या भयंकर जखमांमुळे १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात अशा गोळ्या वापरू नयेत असे ठरले. शिकाऱ्यांना मात्र हे बंधन नव्हते. म्हणून ट्रंकेत मऊ टोकाची गोळी सापडली, तर ती फौजेतली नसून शिकारीची असण्याची शक्यता अधिक.

बंदीमुळे जन्मलेली मापे

कधी कधी राजकारणही गोळीची तारीख सांगते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात .४५० मापाच्या शिकारी रायफलींवर बंदी घातली. जुन्या मार्टिनी-हेन्री लष्करी रायफलींसाठी त्या मापाच्या गोळ्या बंडखोरांच्या हाती पडतील, अशी भीती होती. मग लंडनच्या बंदूक-कारागिरांनी .४६५, .४७०, .४७५ अशी शेजारची मापे काढली. म्हणजे १२ मिलिमीटर व्यासाची, ५०० ग्रेनची कवचधारी गोळी मिळाली, तर ती या बंदीनंतरची, हे सहज कळते.

.३१५ ची कथाही तशीच. लष्करी .३०३ मापाची बंदूक सामान्य नागरिकाला ठेवता येत नसे. म्हणून इच्छापूरच्या कारखान्यात नागरिकांसाठी .३१५ ची रायफल बनू लागली आणि खेडोपाडी पोचली.

‘झाशीच्या राणीच्या काळची’ गोळी

जुन्या बाजारात सर्वांत जास्त खपणारी आख्यायिका १८५७ ची. त्यातही काशीचे नाव आले की भाव वाढतो, कारण राणी लक्ष्मीबाईंचा जन्म काशीचा आणि त्यांचे माहेरचे नाव मणिकर्णिका. समजा, विक्रेता एक गोळी दाखवतो आणि म्हणतो, ‘ही त्या काळातली आहे, साहेब.’ आपण चार साक्षीदार बोलावू.

माप ७.८ मिलिमीटर. वजन ११.७ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. लालसर पिवळे कवच. टोक उघड्या शिशाचे. निकाल लागला! कवचच मुळी १८८० च्या दशकातले. माप आणि वजन थर्टी-नॉट-सिक्सशी जुळते आणि त्या काडतुसाचा जन्म १९०६ चा. राणीसाहेबांनी १८५८ साली ग्वाल्हेरला देह ठेवला. गोळी जुनी आहे, शिकारीची आहे, पण सत्तावनची नाही.

मग सत्तावनची गोळी असते कशी? ज्या काडतुसांवरून वणवा पेटला, ती एन्फिल्ड रायफलीची होती. दारू आणि गोळी कागदाच्या गुंडाळीत असे आणि तो चरबी लावलेला कागद दातांनी फाडावा लागे. तिची गोळी कवच नसलेली, शुद्ध शिशाची, लांबट, अंगाने गुळगुळीत आणि बुडाला पोकळ. व्यास १४ मिलिमीटरच्या आसपास, वजन ५३० ग्रेन, म्हणजे जवळजवळ तीन तोळे. त्याच काळात जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकाही सर्रास वापरात होत्या. त्यांच्या गोळ्या साध्या गोल. पण तशा गोल गोळ्या पुढेही कित्येक वर्षे शिकारीसाठी ओतल्या जात होत्या. म्हणून गोल गोळीवर ‘१८५७’ अशी चिठ्ठी लावण्याआधी ती नेमकी कुठे सापडली याचा भरवशाचा पुरावा हवा.

गोळीची साक्ष

हे सारे केवळ छंदापुरते आहे का? नाही. झाडलेल्या गोळीवर नळीतल्या पेचदार खाचांच्या रेघा उमटतात. त्या मोजता येतात. लष्करी थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या बहुतेक नळ्यांत पाच खाचा असतात आणि त्यांचा पेच डावीकडे वळतो, तर पुष्कळशा माउझर रायफलींत चार खाचा असून पेच उजवीकडे जातो. रेघांच्या सूक्ष्म फरकांवरून गोळी अमुक एका बंदुकीतूनच सुटली का, हे न्यायवैद्यक प्रयोगशाळेतले तज्ज्ञ तुलना-सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. कलकत्त्यात पोलिसांसाठी अशी छोटी प्रयोगशाळा १९३० सालीच सुरू झाली होती.

बेनाम गोळी वन्यप्राण्यांचीही कहाणी सांगते. जिम कॉर्बेट यांनी १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ बळी होते. तिचे उजवीकडचे सुळे तुटलेले आढळले. ती कुणाच्या तरी जुन्या बंदुकीच्या बाराची जखम होती, आणि त्यामुळे तिला नेहमीची शिकार जमेनाशी झाली, असा निष्कर्ष कॉर्बेट यांनी काढला. चुकलेल्या एका बाराची किंमत शेकडो माणसांनी मोजली.

काशीजवळच्या चंद्रप्रभा अभयारण्याची गोष्टही चटका लावणारी. १९५७ साली गीरच्या जंगलातून आणलेले तीन सिंह तिथे सोडले होते. १९६५ पर्यंत ती संख्या ११ वर गेली आणि मग सिंह दिसेनासे झाले. गोळी किंवा विष यांचा संशय घेतला गेला, पण ती गोळी कुणी शोधून तपासली नाही. साक्षीदारच नाही, तर निवाडा कसा होणार?

आधी कायदा, मग कुतूहल

आता सर्वांत महत्त्वाचे. ट्रंकेतून नुसती गोळी निघाली, की पुरे काडतूस? मागे पितळी पुंगळी असेल आणि तोंडाशी गोळी बसलेली असेल, तर ते जिवंत काडतूस समजावे, मग ते पन्नास वर्षांचे का असेना. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय असे काडतूस जवळ बाळगणे गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. ‘आजोबांचे होते’ हे उत्तर पुरत नाही. परवानाधारक वारल्यावर वारसांनी शस्त्र आणि काडतुसे विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावीत, अशी तरतूद आहे. जुन्या पिशवीच्या कप्प्यात विसरलेले एक काडतूस विमानतळावरच्या तपासणीत निघते आणि भल्या घरातल्या माणसाला पोलिस चौकशीला सामोरे जावे लागते, असे वारंवार घडले आहे.

सुट्या गोळ्यांबाबत कायदा थोडा सौम्य आहे. काडतुसाचे किरकोळ सुटे भाग दुसऱ्या भागांशी जोडून वापरायचे नसतील, तर त्यांना सवलत आहे. पण आपल्या हातातली वस्तू त्या सवलतीत बसते की नाही, हे आपण घरी बसून ठरवू नये. पोलिस ठाण्यात दाखवावे, लेखी पोच घ्यावी.

कुणाला वाटेल, अस्थी घेऊन काशीला निघालोच आहोत, तर आजोबांची काडतुसेही गंगार्पण करावीत. ते कदापि करू नये. प्रवासात ती बाळगणे हाच गुन्हा, आणि शिसे हे विष आहे. नदीच्या पोटात ते घालणे पुण्याचे काम नव्हे.

हे लक्षात ठेवा

* काडतूस ठोकू नका, पकडीने गोळी उपसू नका, उन्हात किंवा आगीजवळ ठेवू नका. जुनी टोपी अधिक बेभरवशाची असते.
* मुलांच्या हाती देऊ नका. शिशावरची पांढरी भुकटी विषारी असते. हाताळल्यावर साबणाने हात धुवा.
* गोळी चिंचेने किंवा पॉलिशने चकचकीत करू नका. रंग आणि रेघा गेल्या की ओळखही जाते.
* माप, वजन, धातू, आकार आणि सापडल्याची जागा एका वहीत लिहा. चारही बाजूंनी छायाचित्र काढा, शेजारी पट्टी ठेवा.
* ज्या घरात, ज्या ट्रंकेत सापडली, त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना बंदूक कुठली होती ते विचारून घ्या. जुना परवाना सापडला, तर त्यावर बंदुकीचे माप लिहिलेले असते. तो जपून ठेवा.

शेवटचा मुद्दा चिठ्ठीचा. चांगला संग्राहक प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी लावतो. चारही साक्षी जुळल्या तर नाव लिहावे. तीन जुळल्या तर नावाआधी ‘बहुधा’ लिहावे. दोनच जुळल्या तर फक्त माप आणि वजन लिहून नावाची जागा रिकामी ठेवावी. रिकामी जागा पुढचा जाणकार भरू शकतो, पण खोटे नाव एकदा चिकटले की तीच पुढच्या पिढीची ‘खरी गोष्ट’ होते. आजोबांनी वाघ मारला की नाही, हे गोळीला ठाऊक नसेलही. पण ती कुठल्या बंदुकीत बसत होती आणि कुठल्या काळात घडली, एवढे ती नक्की सांगते. तेवढेच ऐकावे आणि तेवढेच नातवंडांना सांगावे.